अर्धं सूत कमी

टाउनो पेल्टोलाच्या हातून जन्मात एकच गोष्ट वाकडी निघायची, ती म्हणजे हॉकीच्या काठीचं पातं. बाकी सगळा माणूस ओळंब्यात. टॅमरॅक लँडिंगमध्ये चौदा घरांमागे त्याने बांधलेल्या सौना, म्हणजे वाफेने न्हायच्या लाकडी खोल्या, उभ्या आहेत आणि चौदांपैकी एकीचंही दार हिवाळ्यात फुगून अडत नाही. कागदाच्या गिरणीत तो सुतारकाम करी, रविवारी फिनिश लोकांच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकड्यावर बसे, आणि कुणी सहज 'कसं काय?' म्हटलं तर खरोखर कसं काय ते सांगे, गुडघ्यापासून सुरुवात करून. म्हणून लोक त्याला फारसं काही विचारत नसत.

संध्याकाळी मात्र तो रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, असायचा. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक बसकी खोली होती. तिथे बसून गावच्या संघाच्या स्केटना धार लावायची आणि काठ्यांची निगा राखायची, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता. स्वतः कधी खेळला नाही. आमच्या शेतावर बर्फ पुष्कळ होतं पण ते उपसायला, त्यावर घसरायला वेळ कुणाला होता, असं तो म्हणे.

दुकानातून काठ्या येत त्या जवळजवळ सरळ, आणि खेळाडूंना पात्याला हवा बाक. मग टाउनो पत्र्याच्या शेगडीवर किटलीत पाणी उकळी, पातं त्यात दहा मिनिटं धरी, खोलीच्या दाराखालच्या फटीत पात्याचं टोक अडकवी आणि दांडा हळूहळू वर उचली. लाकूड कुरकुरलं की थांबायचं. मग काठी मागच्या बर्फात खुपसून ठेवायची, म्हणजे आलेला बाक तसाच बसतो. त्याच किटलीत कॉफी होई, आणि तिला सरसाचा वास येतो अशी तक्रार करत सगळेच ती पीत.

पात्याला बाक असला की पक, म्हणजे ती रबराची चकती, चटकन वर उठते. पण नियम असा होता की पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत सरळ पट्टी धरली तर मधली फट अर्ध्या इंचाहून जास्त नको. समोरच्या संघाला शंका आली तर सामना थांबवून काठी मोजायला लावता येई. जास्त भरली तर काठीवाला दोन मिनिटं शिक्षेच्या बाकड्यावर. बरोबर भरली तर ज्यांनी शंका काढली त्यांचाच एक माणूस तिथे. टाउनोने मेपलच्या लाकडात एक माप कोरून खिळ्याला टांगलं होतं. अर्धा इंच म्हणजे चार सूत. बहुतेकांच्या काठ्या पाच-सहा सूत भरत. कुणी माप विचारलं असतं तर टाउनोने खरं सांगितलं असतं, पण कुणी विचारत नसे, त्यामुळे त्याच्या मनाला टोचणी नव्हती.

लेओ मोरिसेटची काठी मात्र सात सूत. लेओ नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतला, सव्वीस वर्षांचा, गिरणीत ओंडके ओढणारा आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेला गडी. समोरच्यांचा माणूस शिक्षेवर गेला, आपण पाच आणि ते चार झाले, की पॉवर प्लेची ती दोन मिनिटं लेओची. गोलच्या डावीकडच्या लाल वर्तुळाच्या कडेला तो गुडघा किंचित मोडून उभा राही. पलीकडून पास येई. पक थांबवणं वगैरे भानगड नाही, येतानाच फटका. पक वर उठे आणि गोलकीपरच्या खांद्यापाशी गेल्यावर एकदम खाली बसे. याला गावात 'लेओचा आकडा' म्हणत. सगळी करामत त्या बाकाची आहे, हे सांगत लेओ स्वतःच फिरे. सरळ बोटाने तूप निघत नाही हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते पटवायला तो कुणाच्याही जेवणाच्या टेबलावर काठी आडवी ठेवी.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात व्हायचं तेच झालं. पाहुण्या संघाने काठी मोजायला लावली, लेओ बाहेर बसला, तेवढ्यात गोल झाला आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी कोच हॅलोरन टाउनोच्या खोलीत आला आणि यापुढे लेओच्या काठ्या नियमात हव्यात एवढं बजावून कॉफी न घेता निघून गेला. टाउनोने काठ्या नियमात केल्या. पुढच्या दोन सामन्यांत लेओने पॉवर प्लेवर अकरा फटके मारले. काही गोलकीपरच्या छातीवर, काही काचेवर आणि एक बँडवाल्यांच्या ढोलावर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ केलं आणि नाच बंद पडला.

दुसऱ्या सामन्यानंतर लेओ पायऱ्यांखालच्या खोलीत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"पूर्वीसारखी वाकव रे म्हाताऱ्या. कोचला कशाला सांगायचंय?"

टाउनोने हातातल्या स्केटची धार पुरी केली आणि "बरं" म्हणाला.

हा त्याने उच्चारलेला पहिला खोटा शब्द. त्या आठवड्याच्या काठ्यांना त्याने बाक मधोमध न देता टोकाशी दिला. त्यामुळे एक डोळा मिटून पाहिलं तर पातं मासे धरायच्या गळासारखं दिसे. वर काळी चिकटपट्टी जाड गुंडाळली. माप लावलं तर साडेतीन सूत, अर्ध्या इंचाला अर्धं सूत कमी. लेओने काठी उचलली, डोळा लावून पाहिली, तिचा मुका घेतला आणि त्या शनिवारी दोन गोल केले. मार्चपर्यंत पॉवर प्लेवर त्याचे एकोणीस गोल झाले. कोचला वाटे काठी वाकडीच आहे, आणि त्याने तिकडे काणाडोळा केला. लेओला तर शंकाच नव्हती.

टाउनोने हे फक्त बायकोला सांगितलं, तेही सौनात, कारण तिथे काही लपवायचं नसतं. हेल्मीने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि म्हणाली की मग फटका त्या पोराचाच आहे की, काठीचा नाही. टाउनो म्हणाला, त्याचाच आहे, पण त्याला तसं कळलं तर राहायचा नाही. हेल्मीला हे काही पटलं नाही. टाउनोला मात्र त्या हिवाळ्यात रिंकवर याखेरीज दुसरी कसली भीती वाटली नाही. त्याने आजवर बनवलेल्या वस्तूंपैकी ही एकच अशी होती जी नुसत्या विश्वासावर उभी होती, आणि तो विश्वास खोटा होता.

अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना कॉपर हिलच्या खाणवाल्यांशी आपल्याच रिंकवर आला. गोल तीन-तीन, बरोबरी. सहा मिनिटं राहिली असताना त्यांच्या एकाने पाय घातला आणि तो बाहेर गेला. पॉवर प्ले. लेओ आपल्या वर्तुळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात कॉपर हिलच्या कोचने रेफरीला बोलावलं आणि लेओच्या काठीकडे बोट केलं. लेओचं तत्त्वज्ञान इतक्या टेबलांवर मांडलं गेलं होतं की ते शंभर मैलांवर पोचायला वेळ लागला नव्हता.

रिंक चिडीचूप झाला. लेओचा चेहरा उतरला. खेळाडूंच्या बाकड्याच्या टोकाला टाउनो पालथ्या बादलीवर बसला होता. लेओने त्याच्याकडे पाहिलं, पण टाउनोने मान हलवली नाही. कोच हॅलोरनने टोपी डोळ्यांवर ओढली. रेफरीने माप लावलं, उलटं करून लावलं, पुन्हा एकदा लावलं. मग काठी लेओच्या हातात दिली आणि कॉपर हिलच्याच बाकड्याकडे हात केला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यांचा आणखी एक माणूस बाहेर, आता पाचाविरुद्ध तीन. पायऱ्यांवर लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कोचने टोपी वर केली आणि टाउनोकडे असं पाहिलं की जणू त्याच्या डोक्यामागे प्रभा फाकली आहे.

लेओ मात्र हसला नाही. तो सरळ कठड्याशी आला.

"किती आहे हिचा बाक?"

"साडेतीन सूत."

"आजच केलीस?"

पळवाट होती, आणि ती लेओनेच उघडून दिली होती. 'हो, आजच, मला वाटलंच होतं ते मोजतील, ही घे तुझी वाकडी' असं म्हणून शेजारच्या काठ्यांच्या मोळीतली दुसरी काठी पुढे केली की काम झालं असतं. टाउनोला हे नंतर बाकड्यावरच्या सगळ्यांनी सांगितलं. त्याला ते त्या क्षणीही सुचलं होतं. पण विचारलं की खरं सांगायचं, ही अठ्ठावन्न वर्षांची सवय मोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा नव्हता.

"डिसेंबरपासून," तो म्हणाला.

"एकोणीसच्या एकोणीस?"

"एकोणीसच्या एकोणीस. ते तुझेच आहेत, लेओ."

शेवटचं त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. रेफरीने शिट्टी दिली होती.

पहिला पास आला तेव्हा लेओने पक थांबवला. गावाने त्याला असं कधी करताना पाहिलं नव्हतं. थांबवून त्याने खाली पात्याकडे पाहिलं आणि मग मारला. तोवर एक खाणवाला आडवा पडलेला होता, पक त्याच्या नडगीला लागला. दुसरा काचेवरून प्रेक्षकांत गेला. तिसरा गोलच्या बाहेरून, हातभर अंतरावरून. मग शिक्षा संपल्या, वेळ संपली, जादा वेळेत चौथ्या मिनिटाला कॉपर हिलचा एक फटका कुणाच्या तरी स्केटला लागून आत शिरला आणि कप त्यांच्या बसमधून गेला.

गावाचे दोन तट पडले. एक म्हणे, म्हाताऱ्याने काठी सरळ ठेवून गावाची अब्रू राखली. दुसरा म्हणे, राखली आणि तोंड उघडून लगेच घालवली. टाउनो दोघांचंही ऐकून घेई. कपाचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. लेओने पक थांबवला, त्याचं वाटलं होतं, आणि ते फार वाटलं होतं. त्याने हेल्मीला तसं सांगितलं. हेल्मीने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"जन्मात एक खोटं बोललास," ती म्हणाली, "आणि तेवढंही शेवटाला नेता आलं नाही तुला."

त्या उन्हाळ्यात लेओ त्याच्याशी बोलला नाही. गिरणीच्या फाटकाशी दिसला तर दुसऱ्या बाजूने जाई. टेबलांवर काठ्या ठेवणं बंद झालं. संध्याकाळी तो घरामागे जाड फळी उभी करून तिच्यावर पक मारत बसे. नदीवरून आवाज इकडच्या काठाला येई, आणि फळीचा आवाज कोणता, कुंपणाचा कोणता, हे सौनाच्या ओट्यावर बसलेल्या टाउनोला कळे. कुंपणाचाच जास्त असे. लेओने पोलादी पट्टी आणली आहे, असं कुणीतरी सांगितलं. तीन सुताची काठी, पाच सुताची काठी, आठ सुताची काठी, सगळं करून पाहतो आणि दर फटक्यानंतर मोजतो म्हणे. हे ऐकल्यावर टाउनोने दोन दिवस सौनात जायचं टाळलं.

ऑक्टोबरात रिंकचं बर्फ घातलं गेलं. हे काम सोडावं असं टाउनोच्या मनात होतं, पण स्केट बोथट पडलेली त्याला बघवत नसत, म्हणून तो गेलाच. तिसऱ्या संध्याकाळी लेओ आला. बगलेत तीन कोऱ्या काठ्या होत्या. तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"वाकव," तो म्हणाला.

"किती?"

"ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी नको. हातापाया पडून विचारलं तरी नको."

टाउनोने काठ्या घेतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. लेओ काय मागतो आहे ते त्याला कळलं होतं, आणि ते आपल्याला जमणारं नाही हेही त्याला ठाऊक होतं. विचारलं की तो सांगणार. मग त्याने खिळ्यावरचं माप काढलं, शेगडीचं झाकण उघडलं आणि ते आत सारलं. मेपलचं वाळकं लाकूड, लगेच पेटलं. त्याने वर किटली ठेवली.

"दार लावावं लागेल," तो म्हणाला. "बाहेर थांब."

दार लागलं. लेओ पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या बोळात उभा राहिला. आत पाणी खदखदलं. बऱ्याच वेळाने दाराखालच्या फटीतून पात्याचं ओलं टोक बाहेर सरकलं आणि लाकूड कुरकुरायला लागलं. लेओ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि दार उघडेपर्यंत वळला नाही.