मारुतीच्या पुढ्यातला बॉक्स

चांगदेव पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो दुसऱ्याच्या कामावर. किहीमला समुद्राजवळच्या एका बागेत लग्न होतं. सगळे नवरीकडे बघत होते आणि एक माणूस नारळाला टेकून स्पीकरकडे बघत होता. सवतीच्या मुलाचं बारसं बघावं तसा त्याचा चेहरा होता. पंगतीचं बोलावणं आलं तरी तो हलेना. मी जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही आमच्याच गावचे ना? साऊंडवाले?"

"व्हय, बाई." मान न वळवता तो म्हणाला, "ऐकताय ना? नुसती खोकी मोठी. आवाजात जीव हाय काय?"

मला तर आवाज छान वाटत होता, पण मी तसं बोलले नाही.

तो साऊंड विनेशचा होता. विनेश अलिबागचा, चांगदेवच्या बायकोचा, म्हणजे रंगूचा मावसभाऊ. लांबून आलेल्या पाहुण्यांची लग्नं, हॉटेलांतले कार्यक्रम, सगळं त्याच्याकडे. त्याचा मिक्सर हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावरून चालायचा, त्यामुळे तो मांडवभर फिरत आवाज कमीजास्त करी. चांगदेव आपल्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसणारा. त्याला ते फिरणं बघवत नसे. "साऊंडवाला हाय का वाढपी?" असं तो म्हणायचा. पण विनेशचं काम जवळपास कुठे असलं, की हा तिथे हजर. मागे उभा राहून कान देऊन ऐकायचा, आणि एखादा शब्द तुटला की दिवसभर खुशीत असायचा.

निवृत्त झाल्यावर मी या गावात राहायला आले आणि बायकांच्या भजनी मंडळात बसू लागले. रंगू आमची मुख्य गाणारी. तिचा गळा पातळ पण गोड. गावातलं भजन असलं की साऊंड अर्थातच चांगदेवचा. त्याच्या लेखी चांगल्या आवाजाची खूण एकच होती, तो खाडीपलीकडच्या वाडीत पोचला पाहिजे. म्हणून सगळे कर्णे आणि स्पीकरचे बॉक्स बाहेर तोंड करून लावलेले. पलीकडच्या वाडीला आमचं भजन स्वच्छ ऐकू जायचं, आम्हालाच ते ऐकू यायचं नाही. टाळ-पखवाजाच्या गलक्यात आपला सूर सापडेना, की रंगू ओरडून गाई आणि दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसे.

नवरात्रात आम्हाला चोंढीला भजनाचं बोलावणं आलं. तिथे साऊंड विनेशचा. त्याने एक लहानसा तिरपा बॉक्स आमच्याकडे तोंड करून ठेवला. रंगूने पहिली ओळ घेतली आणि ती थबकलीच. मग असं गायली, की मी टाळ वाजवायची विसरले.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "माझा गळा मला आज पहिल्यांदा ऐकू आला."

पुढे ड्रायव्हरशेजारी चांगदेव बसला होता. "एवढी वर्षं काय ऐकत होतीस मग?"

"तुमची मशीन."

आम्ही सगळ्या हसलो. तो हसला नाही.

माघात गावच्या मारुतीच्या देवळात सप्ताह असतो. तिथला साऊंड बापाच्या वेळेपासून चांगदेवच्या घरचा. रंगूने आधीच सांगून टाकलं, "दुपारच्या आमच्या भजनात मला माझा आवाज आला पायजे. न्हाय आला तर नामाकाकांना मीच सांगंन, पुढच्या वर्षाला विनेशला बोलवा."

नामाकाका सप्ताहाचे कारभारी. रंगू बोलली तसं करणारी, हे चांगदेवला ठाऊक होतं. देवळाचं काम गेलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि तेही बायकोच्या सांगण्यावरून, तिच्या माहेरच्या माणसाकडे!

मी त्याला म्हटलं, "विनेशला एक फोन करा. कसा ठेवायचा ते विचारा."

"त्याला विचारू? बाई, त्यापेक्षा मारुतीला विचारीन."

त्याने स्वतःच तसा बॉक्स आणला. पण ठेवायचा कुठे? भजनात आम्ही मारुतीकडे तोंड करून बसतो. गाणारा आणि देव यांच्यामध्ये आमच्याकडे माईकखेरीज कुणी काही ठेवत नाही. आडवं जाणारं मूलसुद्धा मागे ओढतात. चोंढीला विनेशने बॉक्स देवीच्या पुढ्यातच ठेवला होता, तेव्हा चांगदेव कुजबुजला होता, "देवापुढं खोका! याला काय रीतभात?" आता तेच आपण कसं करायचं? त्याने बॉक्स आमच्या पाठीमागे, खांबाला टेकवून ठेवला.

भजन सुरू झालं. रंगूने तोंड उघडलं आणि माईकने अशी शिट्टी मारली, की पखवाजवाली कानावर हात ठेवून उठलीच. चांगदेवने आवाज कमी केला. काहीच ऐकू येईना. वाढवला, पुन्हा शिट्टी. नामाकाका दारातून म्हणाले, "चांगदेवा, भजन लावलंस का गिरणीचा भोंगा?"

चांगदेवचा चेहरा काळवंडला. स्टूलवर बसल्या बसल्या त्याची बोटं नुसती बटणांवरून फिरत होती.

रंगू उठली. तिने माईककडे बघितलं, मागच्या बॉक्सकडे बघितलं. "अवो, माईकचं तोंड आमच्याकडं, आणि त्या तोंडातच तुमचा बॉक्स ओरडतोय. विनेशनं माईकच्या पाठीला ठेवला होता. पाठीकडनं त्याला ऐकू येत न्हाय."

"पाठीकडं देव हाय."

"मग?"

"देवापुढं आडवा खोका ठेवू?"

"ज्यानं समुद्र ओलांडला, तो तुमच्या खोक्याला अडखळणार हाय काय?"

बायका खदखदून हसल्या. नामाकाकासुद्धा हसले. रंगूने बॉक्स उचलला, मारुतीला हात जोडले आणि त्याच्या पायरीशी, जमिनीलगत, आमच्याकडे तोंड करून ठेवला. चांगदेवने आवाज हळूहळू वर नेला. शिट्टी आली नाही. रंगू गायली, न ओरडता, जवळच्या माणसाशी बोलावं तशी. त्या दिवशी पलीकडच्या वाडीत काही पोचलं की नाही, हे चांगदेवने कुणालाच विचारलं नाही.

आरतीनंतर वायर गुंडाळत तो तिच्याजवळ आला. "चोंढीसारखं झालं काय?"

रंगूने थोडा विचार केला. "तिथं जरा बरं होतं," ती म्हणाली. "पण नामाकाकांना काय सांगत न्हाय मी."

त्याने वायर इतकी आवळली, की ती पुन्हा सोडवून गुंडाळावी लागली.

देवळाचं काम त्याच्याकडेच राहिलं. विनेशचं नाव मात्र तो अजूनही घेत नाही, 'तुझा मावसभाऊ' म्हणतो. लग्नाची कामं त्याने सोडली आहेत. थळपासून चौलपर्यंतच्या बायकांच्या भजनांना आता तोच साऊंड लावतो, आणि बॉक्सची जागा रंगू ठरवते.