तलावाच्या धक्क्यावर पदराची गाठ

आमच्या अमरावतीले समुद्र नाई, पण धक्का हाये. तलावाच्या काठापासून थेट पाण्यात गेलेला, खाली लोखंडी खांब, वर फळ्या, दोन्हीकडं कठडा. मी सातवीच शिकलेली, पण या धक्क्याचं मले सगळं माईत हाये, कोणीबी विचारा. सासूनं सांगितलं, अन् सासू खोटं बोलत नाई. आधी इथं नुसत्या दगडी पायऱ्या होत्या. आमचा भाजीचा धंदा, त सासू नवी नवरी होती तवा सकाळी इथंच बसून मुळे अन् सांभाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या धुवाची, बाजूले म्हशी डुंबत राहायच्या. मग ते धुणं बंद झालं, धक्का बांधला, बदकाच्या तोंडाच्या बोटी आल्या, पायानं चालवाच्या. आता रविवारी संध्याकाळी या अन् पाहा, पाय ठेवाले जागा नसते. उकडलेल्या शेंगा, भेळ, साबणाचे फुगे, फोटो काढणाऱ्याइची लाईन. अन् सूर्य मावळतीले गेला का पाणी असं लाल होते बाप्पा, का लोक भेळ खाणं इसरून जातात.

पण मले पाण्याचं भेव लागते, खोटं काहून सांगू. माझं माहेर मोर्शीकडचं. लहानपणी मी वावरातल्या हौदात पडली, मायनं वेणी धरून वर काढलं. तवापासून पाण्याजवळ गेलं का माय आपल्या पदराचं टोक माझ्या कमरेले बांधाची. मीबी माझ्या पोट्टीले तसंच बांधाची.

मागच्या हिवाळ्यात पोट्टी चार वर्षाची झाली अन् तिनं एकच धोशा लावला, बोटीत बसाचं. नवरा दुकानावर, म्हणून मी, सासू अन् पोट्टी, आमी तिघी गेलो. धक्क्यावर पाय ठेवाच्या आधीच म्या गाठ मारली, दोनदा ओढून पाह्यली. बोटवाल्या काकानं पोट्टीले जाकीट घातलं अन् त्याचा हात त्या गाठीवर आला.

"बाई, हे पोट्टी हाये का बोकड?"

लाईनीतले लोक हासले. म्या म्हणलं, "हासा काका, पण गाठ राहीन. बांधली त माझ्यापाशी राहीन ते."

"तुमच्यापाशीच राहीन, तेच त सांगून राहिलो. बोट कलंडली का साडी वल्ली होऊन जड होते. जाकीट पोरीले वर धरीन, अन् तुमचा पदर तिले खाली ओढीन. मंग मी गाठ सोडत बसू का लेकरू काढू?"

इतके दिवस मले वाटे का मी तिले वाचवून राहिली, अन् हा माणूस म्हणते मीच तिले बुडवीन. मी गाठ सोडाले गेली त बोटं ऐकेनात, गाठ आणखीच आवळली.

सासू म्हणे, "लग्नातली गाठ हाये का वं ते? सोड ना."

"सुटत नाई ना आत्याबाई."

"सर बाजूले." तिनं दातानं ओढली अन् गाठ सुटली. मंग माझ्याकडं पाहून म्हणे, "तू इतली कापून राहिली, तुले पाहून पोट्टीबी भेईन. मी नेते तिले."

बोटीत दोघायचीच जागा. मी पोट्टीचा हात धरून होती. सासूनं जाकीट चढवलं, बोटीत जाऊन बसली, पायडलवर पाय ठेवले अन् दोन्ही हात पुढं केले. पोट्टी माझ्या हातातून उडी मारून गेलीबी.

बोट निंघाली तशी मीबी कठडा धरून धक्क्यावरून तिच्या संग चालत गेली, लोकायले ढकलत, चालत काय, पळतच, अन् वरडून राहिली, "बसून राह्य! हात आत घे! आत्याबाई, तिचा हात!" पोट्टीनं पाण्यात हात घातला होता अन् खिदळून राहिली होती. धक्का सरला, मी थांबली, बोट पुढं गेली. माझा पदर वाऱ्यानं उडे, तो आवराचंबी सुचलं नाई.

बोट वळून येऊन राहिली तवा सासू पाण्यातूनच वरडली, "हे उतरत नाई म्हणते वं! अजून एक चक्कर मारू का?"

म्या उडता पदर कमरेले खोचला. अन् वरडून म्हणलं, "मारा!"