देव्हाऱ्यातली चीज

सत्तेचाळीस साली मी तीस वर्षांचा होतो. जग बघून आलेले शिपाई तेव्हा जामखेडकडं गावोगाव होते, पण जग खाऊन आलेला माणूस साऱ्या तालुक्यात एकच, आमचा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लढाईत पलटणीच्या भटारखान्यात होता. मिसर, इटली असा रांधत रांधत गेला आणि रांधता रांधता दिसेल ते तोंडात घालत गेला. मी मराठी दुसरीतून उठलेला माणूस, पण सांगतो ते नीट आठवून सांगतो, कुणाला पटो न पटो.

बोलणं कुठलंही निघो, ते इटलीत जेवल्याशिवाय परत येत नसे. बैलाचा खूर दुखावला म्हणून चारजण गोठ्यात जमावेत, तर हा बेडकाच्या तंगड्या लोण्यात कशा परततात ते सांगायचा. एका बारशाला त्यानं गोगलगाय शंखातून टाचणीनं कशी ओढून खायची ते हातवारे करून दाखवलं, तर बाया पाळणा म्हणायच्या थांबल्या. मिसरात म्हणे मासा मिठात पुरून चांगला सडवतात आणि सणाला घरादारानं खातात. घागरे घालणारी गोऱ्यांची एक पलटण होती, ती मेंढीच्या पोटात भरडा आणि काळीज भरून शिजवायची आणि ताट आत आणताना वाजंत्री वाजवायची. खिशात कायम पलटणीतला काटा. पिठलंसुद्धा काट्यानं खायचा. ते सगळं काट्यातून गळून ताटात पडायचं, आणि आमच्या सासूबाई असं बघत राहायच्या की जावयानं गडच जिंकलाय.

माझं खरं दुखणं तिथंच होतं. मी थोरला जावई. हा पलटणीतून येईपर्यंत सासुरवाडीत पाऊस कधी पडेल ते मला विचारायचे, बैल घ्यायचा तर दात मी बघायचो, कालवणात मीठ बरोबर आहे का ते मी सांगायचो. हा आला आणि मला कुणी मीठसुद्धा विचारीना. मेव्हणे गोगलगायी ऐकत बसायचे आणि मी आपला बाजेवर पडून वासे बघायचो. सासरे एकदा त्याला म्हणाले, "तुमी इतकं पचवलंय, तुमाला कालवणातलं आमच्यापेक्षा जास्त कळतंय." मी त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठलो. कुणी विचारलंही नाही.

परत आला तेव्हा त्यानं सासूबाईंना पत्र्याचा एक डबा दिला होता. म्हणाला, "ही चीज हाय, जपून ठिवा." सासूबाईंना चीज म्हणजे मोलाची वस्तू एवढंच ठाऊक. त्यांनी डबा देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला आणि रोज हळदकुंकू वाहिलं. दीड वर्ष त्या डब्याची पूजा झाली. मी दिलेलं घोंगडं मात्र त्यांनी कणगीवर पांघरलं होतं.

त्या साली श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. आम्हा दोघांनाही एकाच दिवशी बोलावणं. पहिलं पान कुणाला वाढतात, एवढंच बघायला मी गेलो होतो. पानं मांडली आणि साडू म्हणाला, आज ती चीज फोडू. देव्हाऱ्यातून डबा आला. त्यानं विळ्याच्या टोकानं तो उघडला, आणि असा वास सुटला की दारातलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं जाऊन बसलं. धाकटा मेव्हणा म्हणाला, "देव गेला वाटतं आतला." साडूनं समजावलं की हे दुधाचंच असतं, साठवून केलेलं, गोरे रोज खातात. कुणी हात पुढं करीना. तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, एक तुकडा उचलला आणि माझ्या पानात ठेवला. म्हणाल्या, "पहिला मान थोरल्या जावयाचा."

बायकोनं डोळ्यांनी 'नका' म्हणून खुणावलं. मग तर मला खाणंच आलं. कुणीतरी खारवून पेटीत ठेवून विसरलेला खरवस असावा, तसं काहीतरी टाळूला चिकटलं. मी सावकाश गिळलं आणि म्हणालो, "मीठ जरा जास्त झालंय."

सगळे हसले. साडू हसला नाही. त्यानं दुसरा तुकडा पुढं केला. चारचौघांत केला, म्हणून मी तोही खाल्ला.

जेवणं झाल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. त्यानं मला पान करून दिलं आणि बराच वेळ काट्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "साडूभाऊ, आल्यापासनं सगळे ऐकत्यात माझं. पन माझ्यासंगं खाल्लं कुनीच न्हाई. तुमीच पहिले."

मी पान दुसऱ्या गालात सारलं.

"तिकडंबी असंच हुतं. गोगलगायी खाऊ घालनारी एक म्हातारी हुती. तिला मी तुमच्या माडग्याचं सांगायचो. माझ्या लग्नाआधी एकदा तुमच्या वस्तीवर आल्तो, पेरनीची पाभर चालली हुती, तवा तुमी हुलगं भाजून, दळून, गूळ-सुंठ घालून माडगं केलं हुतं. लई सांगायचो. तर म्हातारी नाक मुरडायची. म्हनायची, हे तर गाढवाचं खानं."

इटलीत माझं नाव निघत होतं, आणि मी इकडं बाजेवर वासे बघत होतो. त्या म्हातारीचा मला जो राग आला तो आजतागायत गेलेला नाही. साडू मात्र पुढं म्हातारा होऊन गेला. आता जेवताना कुणी इटलीचं काढत नाही, आणि पिठलं पहिल्यासारखं नुसतं पिठलं झालंय.

पण त्या धोंड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंकडून पायलीतले ओंजळभर हुलगे मागून घेतले. सासुरवाडीत जावयानं चुलीपाशी बसायचं नसतं, मी बसलो. भाजले, दळले, उकळी आणली, गूळ घातला, आणि पहिली वाटी, मी थोरला असून, त्याच्यापुढं ठेवली.