बिनभोकाचा गोल

तुम्ही दोघं बेलव्ह्यूहून फोनवर विचारता, "आजी, तू दिवसभर काय करतेस?" तर आता नीट क्रमाने सांगते. इथे नेपरव्हिलला, तुमच्या मामाच्या घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, दर मंगळवारी सकाळी मी मातीकामाच्या वर्गाला जाते. वर्गात आम्ही नऊ जण, सगळे साठीच्या पुढचे. शिकवणारी मुलगी मात्र तुमच्या आईपेक्षा लहान.

या महिन्यात तिने सांगितलं, आपल्या एका माणसाचं शिल्प करा, पण नाकडोळे करायचे नाहीत. फक्त भूमितीतला एक आकार. मी तुमच्या आजोबांचा घन केला. कुठेही ठेवा, हलायचे नाहीत. घरी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, मग कोपरे तरी जरा घासायचेस!"

मी म्हटलं, "पन्नास वर्षं तेच तर करतेय."

माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन गृहस्थ बसतात. गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको गेली. तिच्यासाठी त्यांनी गोल केला. मातीच्या दोन वाट्या करायच्या, कडा ओल्या मातीने जोडायच्या, की आतून पोकळ गोल तयार होतो. त्यांचे पहिले दोन हातातच चेपले. तिसरा मात्र असा जमला, की सांधा बोटाला लागत नव्हता.

शिकवणारी सुई घेऊन आली. आतल्या वाफेला वाट हवी, नाहीतर गोल भट्टीत फुटेल आणि शेजारची शिल्पंही फोडेल. एक बारीक भोक पाडा, म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. "गोल केला, कारण तिच्यात काही कमी नव्हतं. भोक पाडलं तर तो गोल कसला?"

"मग मला तो भट्टीत ठेवता येणार नाही," ती हळूच म्हणाली.

न भाजलेली माती म्हणजे पाणी लागलं की चिखल. हे त्यांनाही कळत होतं. ते गोल ओंजळीत धरून बसून राहिले.

मला राहवेना. करंजीत हवा राहिली तर ती कढईत फुटते आणि सगळं तूप खराब होतं, असं मी त्यांना सांगितलं. करंजी म्हणजे काय हे समजावण्यातच पाच मिनिटं गेली आणि ते काही बधले नाहीत. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या बायकोला बेंबी नव्हती का?"

परक्या पुरुषाला असं विचारायचं म्हणजे! माझे कान तापले. पण बोलणं अर्धवट सोडायची मला सवय नाही. म्हटलं, "जन्माला आलेल्या प्रत्येकाला असते. कोणीतरी आपल्याला नऊ महिने पोसलं, त्याची ती खूण. तिच्यामुळे माणसात काही कमी होत नाही."

ते खांदे हलवत हसायला लागले, पार डोळे पुसेपर्यंत. "होती," म्हणाले, "आणि तिथे बोट लावलं की किंचाळायची."

शिकवणारीने सुई पुढे केली. "तळाशी पाडा, म्हणजे दिसणार नाही."

त्यांनी गोल हातात बराच वेळ फिरवून पाहिला आणि भोक समोर पाडलं, मध्याच्या जरा खाली.

पुढच्या मंगळवारी तो भट्टीतून अख्खा बाहेर आला. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.