दुखणं पुढे, गाठ मागे

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये मी त्या फिजिओथेरपिस्टला एकदाच भेटलो. रविवारी कंत्राटी सफाई कामगारांचा मोर्चा होता, घोषणा मी द्यायच्या होत्या आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. महिनाभर पत्रकं टाइप करत होतो आणि खांद्याला पुढून बाम चोळत होतो.

तिच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी होती, म्हणून ती कोपराने काम करत होती. मला पालथं झोपवून तिने पाठीमागे, खांद्याच्या फऱ्यावर एके ठिकाणी दाबलं, आणि कळ थेट खांद्याच्या पुढच्या बाजूला उमटली.

"पकड लिया!" ती खुशीत म्हणाली. "गाँठ यहाँ है. आगे तो सिर्फ खबर जा रही थी."

कळ ओसरेपर्यंत ती कोपर रोवून एक पंजाबी गाणं गुणगुणत राहिली. मला मात्र स्वतःचाच राग आला. अन्यायाचं मूळ शोधा म्हणून लोकांना पत्रकं वाटायची, आणि स्वतः महिनाभर भलतीकडेच बाम चोळायचा!

मग तिने मला उठवून बसवलं. रविवारच्या मोर्चाचं मी तिला आल्या आल्याच सांगितलं होतं. "अब नारा लगाइए. हाथ उठाके."

"यहाँ?"

"और कहाँ? चलो, शरमाओ मत."

"कामगार एकता!" मी पुटपुटलो. हात मात्र डोक्याच्या वर गेला.

पडद्यापलीकडून गुडघा शेकत बसलेल्या आजोबांचा खणखणीत आवाज आला, "जिंदाबाद!"

"अंकलजी," ती तिकडे धावली, "आप घुटना मत हिलाइए!"