हळदीचे तीन महिने

“हात मागं घे! म्हातारे, हात मागं घे म्हणतो ना!”

चर्चचे पंचसाहेब ओरडले. आवाज असा, की वारासिवनीच्या सगळ्या राइस मिली दचकून बंद पडाव्यात. प्रभुभोजनाची थाळी पाळकसाहेबांच्या हातात. माझ्या मायची बोटं भाकरीच्या तुकड्यापाशी पोचलेली. तिथंच थांबली. अख्खं चर्च बघत होतं.

“रामपायलीले जाऊन भाचीले हळद लावून आली हे! नखं पाहा हिची, अजून पिवळी.”

“भावाची पोरगी हाय जी,” माय पुटपुटली. “आत्यानं नाही लावली तं कोन लावीन?”

“बाप्तिस्मा घेतला ना? मंग जुन्या रीती सोड. जमाना बदलला तरी सिद्धांत नाही बदलत. तीन महिने भोजन बंद!”

पाळकसाहेबांनी थाळी पुढं नेली.

पंचसाहेबांचे आजोबा मिशनच्या बंगल्यात मुनीम. माझे आजोबा तिरोडीच्या खाणीत मँगनीज फोडायचे. बाप्तिस्म्याचं पाणी एकच, बाकं वेगळी. त्यांचं पहिलं, आमचं भिंतीला टेकलेलं.

घरी येऊन मायनं नखं राखेनं घासली. लिंबानं घासली. हळद गेली, रक्त आलं. मी चिडले तर म्हणाली, “चुकलंच माह्यं. नेम तं देवाचा हाय.” तिचा विश्वास एवढा, की तिनं सांगितलं असतं तर वैनगंगा उलटी वाहिली असती. त्या विश्वासाला तुकडाभर भाकर मिळाली नाही.

मग ताप. सरकारी दवाखाना. मी पाळकसाहेबांकडं गेले, मायला भोजन द्या म्हटलं. म्हणाले, मुदत संपू दे.

खाटेवरून माय रोज विचारायची, “तीन महिने झाले का वं?”

थापा मारण्यात अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात माझा हात कोणी धरणार नाही. वाघाला उपास घडवलाय मी गप्पांत. तिनं शेवटचं विचारलं त्या दिवशी मात्र थापेला जीभ उचललीच नाही.

“नाही वं माय. आठ दिवस हायत.”

पाचव्या दिवशी ती गेली. एक थाप. ‘झाले वं माय’, एवढी एकच मारायची होती.

वर्ष झालं नाही तोच पंचसाहेबांच्या पोरीचं लग्न निघालं. लॉनवर हळद. पिवळा मंडप, पिवळे कुर्ते, डीजे असा की बहिऱ्यानं कानांत बोटं घालावीत. पंचसाहेबांनी स्वतः पोरीच्या गालाला हळद लावली. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सुरुवात करून दिली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन. थाळी पहिल्या बाकाशी आली तशी मी मागून उठले.

“थांबा जी. पंचसाहेबाची नखं पाहा. तीन महिने.”

पंचसाहेब हसले. “अरे, ये तो कल्चर है, पगली.”

कोणाची नखं कोणी पाहिली नाहीत. थाळी पुढं सरकली. नेम सैल करा, असं मी म्हणतच नव्हते. मायला आवळला तेवढाच त्यांनाही आवळा, एवढंच. माझ्यापाशी थाळी आली तेव्हा मी हात मांडीवरच ठेवला. आता पंचसाहेबांनी तीन महिने भाकर सोडल्याशिवाय मी घेणार नाही. आणि बाकही सोडणार नाही.

दाराशी पाळकसाहेबांनी अडवलं. “भोजनात गोंधळ घातलास. तुझंही भोजन बंद करून नाव शिस्तीच्या वहीत लिहावं लागेल.”

“हौ,” मी म्हटलं. “पयले त्यायचं लिहा.”