मास्तरकाका आणि दोन करड्या खुणा

मास्तरकाकांना कुठलाही निरोप सांगितला, की ते तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवत आणि आपण ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय जागचे हलत नसत. लहानपणी मी त्यांच्या दारात जाऊन “आईनं वाटीभर साखर मागितलीय” म्हटलं, की काका चष्मा वर सरकवून विचारायचे, “आईनं. वाटीभर. साखर. बरुबर?” मी मान डोलावली की मग काकूंना हाक. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. काका चुडाव्याला स्टेशनमास्तर होते. गाडीची खबर पुढच्या स्टेशनाला द्यायची, तिथल्या माणसानं ती परत म्हणायची, मगच गाडी सोडायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. काकू वैतागून म्हणायच्या, “ह्यांना जेवाय वाढलं तरी पोचपावती द्यावी लागतीय.”

दुसरा नियम याहून कडक होता. आधीची गाडी पोचल्याचं कळल्याशिवाय तिच्या मागं दुसरी सोडायची नाही. मी शाळेतून आले की काका एक प्रश्न विचारत आणि गप्प बसत. मी दप्तर टाकून, पाणी पिऊन, मांजराला छळून झाल्यावर कधीतरी उत्तर दिलं, की मग दुसरा प्रश्न. त्यांना मूलबाळ नव्हतं. असा धीर धरून माझं ऐकणारं दुसरं माणूस त्या वयात मला मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

काकू गेल्या आणि काकांचं जेवण सुटलं. तोवर ते निवृत्त होऊन पूर्णेतच दोन खोल्यांच्या घरात राहत होते. शेजारच्या सुमनताई डबा देत, तो तसाच परत येई. मी पुण्याहून जाऊन त्यांना फोन घेऊन दिला आणि दोन दिवस बसून व्हॉट्सअॅप शिकवलं. सगळ्यालाच त्यांनी नाक मुरडलं. निरोपाखालच्या खुणा मात्र त्यांना एकदम पटल्या. एक खूण म्हणजे निरोप निघाला, दोन करड्या म्हणजे फोनवर पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला, असं मी सांगितलं, तर किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला.

“म्हंजे हे आपल्यासारखंच हाय की! गाडी सुटली, सिग्नलला येऊन उभी ऱ्हायली, फलाटाला लागली. बरुबर?”

“बरोबर,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांचे निरोप येऊ लागले, आधी वेळ आणि मग मजकूर. ‘१०.२०. भेंडी केली. मीठ लय झालं. तू जेवलीस का?’ ‘४.१५. स्टेशनावर जाऊन बसलो. गाडी वेळेवर.’ फुलांची चित्रं आणि सुविचार यांना ते मालगाडीचे रिकामे डबे म्हणत आणि कुणी पाठवले तर त्याला तसं कळवत. आमच्या नात्यातले दोघंतिघं त्यामुळं त्यांच्यावर रुसले होते. माझं उत्तर आलं की ते स्वयंपाकाला लागत, असं सुमनताई सांगायच्या. पुन्हा जेवू लागले होते. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो मी चारचौघांत मिरवायचेही.

पुढं मी फोनमधली ती निळी खूण बंद करून टाकली, म्हणजे मी वाचलं तरी समोरच्याला खुणा करड्याच दिसणार. ऑफिसमधले लोक आणि सासरचा ग्रुप, दोघांनाही ‘वाचलंस ना, मग उत्तर का नाही’ विचारायची खोड होती. खूण बंद करताना काका माझ्या मनातही आले नाहीत. मी त्यांना उत्तरं देतच होते, आणि उत्तर आल्यावर ते खुणा कशाला बघतील, तेव्हा तसं काही बिघडलंही नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. ‘११.०५. घर खायला उठलंय माय. दिवाळी झाल्यावर चार दिवस तुझ्याकडं यावं म्हणतो. जमंल का?’

मी तो तेव्हाच वाचला. मेथी निवडत होते. सासूबाई आजारी, लेकीची परीक्षा, घरात जागा कमी. ह्यांना विचारून कळवू म्हटलं आणि फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी राहिलं. आठवड्यानं उत्तर द्यायची लाज वाटू लागली. त्या लाजेपायी दिवाळीचा फोनही केला नाही. काकांनी पुन्हा विचारलं नाही, काही लिहिलंही नाही. त्यांनी बेत सोडला असेल, असं मी धरून चालले. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

फाल्गुनात सुमनताईंचा फोन आला. काका न्हाणीत पडले होते, खुबा मोडला होता. मी पहिल्या गाडीनं गेले. दारातच सुमनताई म्हणाल्या, “रोज फोन काढून बघायलेत. मी म्हणलं, अवो लावा की फोन तिला. तर म्हणायलेत, न्हाई, आधीचा निरोप तिनं बघितला न्हाई अजून. कामात असंल. त्याच्यावर दुसरा कसा टाकू?”

चार महिने माणूस दोन करड्या खुणांकडं बघत बसला होता. स्वयंपाक सुटला होता, आणि सुमनताईंचा डबा पुन्हा तसाच परत जाऊ लागला होता.

काका खाटेवर आडवे होते, फार वाळले होते. मला बघून उठायची धडपड केली. मी पायाशी बसले. येताना गाडीत सगळं ठरवलं होतं, सांगून टाकायचं, पाय धरायचे. मी तोंड उघडलं, तोवर त्यांनीच उशाचा फोन काढून माझ्यापुढं धरला.

“तुला म्हाईतच न्हाई बघ. मी तुला लिवलं व्हतं. पोचलंय, पर तू बघितलंच न्हाईस.”

“काका, मी—”

“अगं, तुझा काय दोष? बघितलं असतंस तर त्याच दिवशी ‘या’ म्हणाली असतीस. तुला काय मी आज वळखतो का?”

त्यांच्या तोंडावर इतका विश्वास होता की ठरवलेलं सांगायचं मी सोडून दिलं. मी त्यांच्यासमोर माझा फोन उघडला, तो निरोप पहिल्यांदाच बघत असल्यासारखा मोठ्यानं वाचला आणि खाली लिहिलं, ‘या काका.’ त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, हसले, आणि म्हणाले, “आता कसला येतोय मी, माय. पर बोलावलंस.”

वैशाखात काका गेले. तेराव्याला सुमनताई आल्यागेल्याला माझी ओळख करून देत होत्या, “हीच ती. मास्तर शेवटपर्यंत समद्यांना सांगायचे, पोरीनं निरोप बघितला न्हवता, बघितल्याबरुबर ‘या’ म्हणाली.” बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी ते सगळं ऐकून घेतलं, आणि कुणीतरी पुढं केलेला चहाही प्याले.